‘निरुपद्रवी’ गोळीचं कूळ

‘जर्नल ऑफ द इंडियन केमिकल सोसायटी’ या नियतकालिकात 1951 साली एक छोटासा शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे : इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर. हे झहीर हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेचे संचालक. पुढे ते सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. मलेरियावर औषध शोधताना या निबंधातलं रसायन हाती लागलं, अशी कथा सर्रास सांगितली जाते. निबंधाच्या शीर्षकात मात्र ‘संभाव्य वेदनाशामकं’ असा उल्लेख आहे. यातलं काहीही खरं धरलं, तरी झोपेची गोळी करायला कुणी बसलं नव्हतं, एवढं नक्की.

झोपेचा गुण सापडला लखनौत. 1955 साली संशोधक गुजराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातली रसायनं प्राण्यांना देऊन पाहिली आणि ‘झोप आणणाऱ्या औषधांचा हा एक नवा वर्ग आहे’ असं जाहीर केलं. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं रसायन म्हणजे मेथाक्वालोन. जगानं त्याला पुढे मँड्रेक्स, क्वालूड अशा नावांनी ओळखलं.

‘नवा वर्ग’ या दोन शब्दांना तेव्हा बाजारात फार मोल होतं. कारण जुन्या वर्गानं हात पोळले होते. झोपेच्या औषधांचं आधुनिक कूळ 1869 सालापासून मांडता येतं. त्या वर्षी बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी क्लोरल हायड्रेटचा झोपेसाठी वापर सुरू केला. अफूपेक्षा हे बरं, असं तेव्हा वाटलं. मग क्लोरलची चटक लागलेले रोगी दिसू लागले. 1903 साली एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल पुढे आणलं. क्लोरलसारखी उग्र चव आणि दर्प त्याला नव्हता. त्यातून बार्बिच्युरेटांचं मोठं घराणं उभं राहिलं आणि निम्मं शतक त्यानंच पाश्चात्त्य जगाला झोपवलं. 1962 साली मेरिलिन मन्रो गेली, तेव्हा तिच्या शरीरात बार्बिच्युरेट आणि क्लोरल ही दोन्ही सापडली.

बार्बिच्युरेटांचा धोका समजून घेण्यासारखा आहे, कारण हीच गोष्ट पुढे वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घडली. शरीर औषधाला सरावतं. एका गोळीवर येणारी झोप काही आठवड्यांनी दीड गोळीवर येते, मग दोनवर. पण श्वास बंद पाडणारी मात्रा त्याच वेगानं वर सरकत नाही. झोप आणि मृत्यू यांच्यातली जागा अशी रोज थोडी थोडी कमी होते. त्यात दारूची भर पडली, की ती जागा उरतच नाही.

म्हणून 1950 नंतर ‘हे बार्बिच्युरेट नाही’ हीच औषधाची जाहिरात झाली. जर्मनीत 1957 साली थॅलिडोमाइड याच भरवशावर विकलं गेलं, अगदी गरोदर बायकांनाही. 1961 साली ते मागे घेईपर्यंत जगभर हजारो मुलं अधू होऊन जन्माला आली होती. या धक्क्यानंतरही सुरक्षित गोळीची मागणी हटली नाही. ती जागा भरायला मेथाक्वालोन हजर होतं.

इशारा मिळाला नव्हता, असं मात्र नाही. जपानमध्ये 1960च्या सुमारास हे औषध बाजारात आलं आणि दोनतीन वर्षांतच तिथली पोरंसोरं ते झोपेसाठी नव्हे, तर तरंगण्यासाठी घेऊ लागली. गोळी घ्यायची आणि झोप येऊ लागली की ती हट्टानं परतवायची. तसं केलं, की अंग सैल पडतं, संकोच गळतो, जीभ जड होते. जपानी वर्तमानपत्रांनी या प्रकाराला ‘झोपेच्या गोळ्यांचा खेळ’ असं नाव दिलं. तरी 1965 साली ब्रिटनमध्ये मँड्रेक्स आणि अमेरिकेत क्वालूड थाटामाटात दाखल झाली.

मँड्रेक्सच्या एका गोळीत 250 मिलिग्रॅम मेथाक्वालोन आणि 25 मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन असे. हे दुसरं आपल्या ओळखीचं आहे : खोकल्याच्या बेनाड्रिलनं डोळ्यांवर झापड येते, ती त्याच्यामुळे. दोन्ही एकत्र आली की पहिल्याचा जोर वाढायचा. ब्रिटनमधल्या पोरांनी तिचं ‘मँडी’ करून टाकलं. अमेरिकेत पांढऱ्या गोळीवर ‘714’ हा आकडा ठसवलेला असे. तो आकडा असला की माल अस्सल, असा रस्त्यावरचा समज. म्हणून नकली गोळी पाडणारेही 714 ठसवू लागले.

या गोळीची कथा गल्लीबोळात सुरू झाली नाही, हे लक्षात घ्यायला हवं. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवर, दवाखान्याच्या पुढच्या दारानं समाजात आली. अमेरिकेत 1973पर्यंत तिच्यावर कडक नियंत्रणच नव्हतं. ते आल्यावर धंद्यानं नवी वाट काढली. 1970च्या दशकाच्या अखेरीस काही शहरांत ‘तणावमुक्ती दवाखाने’ निघाले. तिथे फी भरायची, तपासणीचा देखावा उरकायचा आणि क्वालूडची चिठ्ठी खिशात घालून बाहेर पडायचं. औषध, डॉक्टर आणि चिठ्ठी हे सगळं खरं, खोटा फक्त रोग. याच काळात ही गोळी पार्ट्यांमध्ये बायकांना बेसावध करायलाही वापरली गेली. विनोदी नट बिल कॉस्बी यानं 2005च्या जबानीत, संबंध ठेवायचे असलेल्या स्त्रियांना देण्यासाठी आपण क्वालूड मिळवत होतो, हे कबूल केलं होतं.

अमेरिकेतला या गोळीचा शेवट विरळाच म्हणायचा. मेथाक्वालोनची भुकटी घरच्या शेगडीवर होत नाही. त्या काळी ती जगातल्या मोजक्याच कारखान्यांत बनत होती. तस्कर ती तिथून विकत घेत आणि कोलंबियात तिच्या गोळ्या पाडत. अमेरिकी अधिकाऱ्यांनी गोळीमागे धावण्याऐवजी ही भुकटी बनवणाऱ्या देशांची सरकारं गाठली आणि उत्पादन थांबवायला लावलं. 1983 साली अमेरिकेतल्या उत्पादक कंपनीनंही हात झटकले, 1984 साली बंदी आली आणि थोड्याच वर्षांत क्वालूड तिथून जवळजवळ नाहीशी झाली. अमली पदार्थांविरुद्धच्या लढाईत इतका स्वच्छ विजय क्वचितच मिळतो.

पण दक्षिण आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांना तोवर मँड्रेक्सची सवय जडली होती. तिथे ती गिळत नाहीत, ओढतात. गोळी कुटून गांजात मिसळायची आणि फोडलेल्या बाटलीच्या गळ्यातून धूर घ्यायचा. तिथलं तिचं नाव ‘बटन’. केप टाउनच्या वस्त्यांमधल्या टोळ्या या बटनांवर पोसल्या गेल्या. वर्णद्वेषी सरकारच्या गुप्त रासायनिक शस्त्र प्रकल्पानंही मेथाक्वालोनचा मोठा साठा केला होता. जमाव पांगवण्यासाठी म्हणे. 1998 साली सत्य आणि सलोखा आयोगापुढे ते बाहेर आलं.

या बाजाराला माल पुरवणाऱ्या देशांत भारताचं नाव पुढे राहिलं. 2016 साली महसूल गुप्तचर संचालनालयानं राजस्थानात उदयपूरच्या एका कारखान्यावर छापा घातला, तेव्हा साडेतेवीस टनांच्या आसपास मँड्रेक्स सापडलं. गोळ्यांच्या हिशेबात सुमारे दोन कोटी. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेलं, औषध म्हणून केव्हाच बाद झालेलं रसायन भारतातच चोरून, टनावारी तयार होत होतं.

मेथाक्वालोन मागे पडलं तरी कूळ बुडालं नाही, कारण धाकटी पाती आधीच घरात आली होती. 1960 साली लिब्रियम आणि 1963 साली व्हॅलियम ही लिओ स्टर्नबाख यांची बेंझोडायझेपिन औषधं बाजारात उतरली. ती खरोखरच अधिक सुरक्षित होती. नुसती ही गोळी जास्त झाल्यानं माणूस दगावण्याचा संभव पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी. पण ‘मरण येत नाही’ याचा अर्थ लोकांनी, आणि अनेक डॉक्टरांनीही, ‘सवय लागत नाही’ असा घेतला. 1988 साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीला सांगावं लागलं, की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका.

त्याच वर्गातलं अल्प्राझोलाम मालेगाव, छत्रपती संभाजीनगर भागात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकलं जातं. नायट्राझेपामच्या गोळीला संभाजीनगरात ‘बटन’ म्हणतात. शेजारच्या तेलंगणात कलालांच्या दुकानांतल्या ताडीत अल्प्राझोलाम किंवा डायझेपाम सापडतं, आणि कित्येकदा क्लोरल हायड्रेटही. म्हणजे दीडशे वर्षांचा खापरपणजोबा आणि धाकटी पाती एकाच धंद्यात. 2015 साली तिथे भेसळीवर एकदम कारवाई झाली, तेव्हा रोजची ताडी तुटलेल्या लोकांची सरकारी रुग्णालयांत रीघ लागली : झटके, भास, बरळणं. आपण ताडीच पितो, असं त्यातले बहुतेक जण समजत होते.

क्वालूडवरचा उपाय इथे चालत नाही. बेंझोडायझेपिनचे कारखाने बंद करता येणार नाहीत. फिट आलेल्या मुलाला, शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णाला, दारू सोडताना थरथरणाऱ्या माणसाला ही औषधं लागतातच. भारतात 2014पासून अल्प्राझोलाम एच-1 यादीत आहे. औषध दुकानदारानं डॉक्टर आणि रुग्ण यांची नावं वहीत नोंदवून ती तीन वर्षं जपायची असतात. नियम चांगला आहे, पण तो दुकानाच्या काउंटरपाशी संपतो. सासूबाईंच्या डब्यातली उरलेली पट्टी सुनेला देणारं घर, आणि ‘मागचंच चालू ठेवा’ म्हणणारा डॉक्टर, यांच्यासाठी कुठलीच वही नाही.

या कुळातल्या प्रत्येक औषधाबरोबर ते कसं सुरू करायचं याची माहिती आली. कसं बंद करायचं हे रोग्याला कळलं ते फसल्यावर. बेंझोडायझेपिन एकाएकी थांबवलं तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरच्या सल्ल्यानं मात्रा हळूहळू उतरवावी लागते. तेव्हा झोपेची गोळी लिहून मिळत असेल, तर ती किती दिवस घ्यायची आणि कशी सोडायची, हे त्याच बैठकीत विचारावं आणि त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावं. ‘हिची सवय लागत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर ते 1869पासून ऐकलेलं आहे.