एका लांबलचक शब्दाची कुळकथा

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, असे मुलांनी विचारले की बहुधा हेच उत्तर मिळते: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस! रोमन लिपीत त्याला ४५ वर्ण लागतात. घाबरू नका, आपण तो फोडून पाहू.

न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्को-पिक, सि-लि-को, व्होल्-के-नो, को-नि-ओ-सिस. एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या अशा तुकड्याला भाषाशास्त्रात अक्षर म्हणतात. ती येथे १९ भरतात. मुख्य आघात शेवटच्या 'ओ'वर द्यायचा. आरंभी 'प्' लिहितात, पण उच्चारत नाहीत. ग्रीक लोक तो उच्चारत; इंग्रजांच्या जिभेवर मात्र शब्दारंभीचा 'प्न' बसत नाही.

अर्थही या तुकड्यांतच दडला आहे. ग्रीकमध्ये 'प्नेउमोन' म्हणजे फुप्फुस आणि 'कोनिस' म्हणजे धूळ. लॅटिनमध्ये 'अल्ट्रा' म्हणजे पलीकडे आणि 'सिलेक्स' म्हणजे गारगोटी. म्हणजे, सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या, ज्वालामुखीच्या सिलिकायुक्त धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार.

पण हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही. अमेरिकेतील कोडीप्रेमींच्या 'नॅशनल पझलर्स लीग'चे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली ते गमतीने रचले. वृत्तपत्राने छापले आणि पुढे ते शब्दकोशांत शिरले. शास्त्राच्या कसोटीला ते पुरते उतरत नाही. फुप्फुसात खोलवर जाणारे काही मायक्रोमीटर आकाराचे कण साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसू शकतात. आणि ही धूळ मुख्यतः ज्वालामुखीतून नव्हे, तर खाणींतून व दगडकामातून येते.

विकार मात्र खरा आहे. त्याचे नाव सिलिकोसिस. अमेरिकेतच, वेस्ट व्हर्जिनियातील हॉक्स नेस्ट येथे १९३० साली बोगदा खणण्यास सुरुवात झाली. सिलिकायुक्त खडक कोरडाच फोडताना उडालेल्या धुळीने शेकडो कामगार दगावले. १९३६ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीने त्याची चौकशी केली. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनाही याच विकाराने ग्रासले. या धुळीने फुप्फुसाला पडलेले व्रण पूर्ववत होत नाहीत. म्हणून पाणी मारून धूळ बसवणे आणि ती जागच्या जागी ओढून घेणे हाच खरा उपाय.

तेव्हा मुलांकडून १९ अक्षरे जरूर म्हणवून घ्यावीत. मात्र शेवटी हेही सांगावे, की ज्या पेन्सिलीने पिढ्यान्‌पिढ्या मुले अक्षरे गिरवायला शिकली, ती घडवताना कोणाचा तरी श्वास कोंडला होता.