चांदमारीचा हक्क

नेमबाजीच्या मैदानाला आपल्याकडील जुना शब्द चांदमारी. गोल निशाण म्हणजे चांद, आणि त्यावर गोळी मारण्याची जागा ती चांदमारी. पुष्कळ गावांत या नावाची वस्ती अजून आहे, मैदान मात्र नाही. घरे आली आणि चांदमारी गेली. तिला राखणारा काही कायदा आपल्याकडे आहे काय, हा प्रश्न आज मी धंतोलीकर श्रोत्यांपुढे मांडणार आहे. कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने बंदुकीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण माझा संबंध बंदुकीशी नाही, अर्जाशी आहे. तो पुढे येईलच.

हत्यारांविषयीचा आपला कायदा भीतीच्या पोटी जन्मला. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला आणि त्या पलटणीची हत्यारे काढून घेण्यात आली. मग १८६० चा कायदा, व त्यानंतर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा या कायद्याने गुन्हा ठरला. परंतु युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मंडळींना त्यातून सूट होती. म्हणजे कायदा हत्याराला नव्हता, कातडीच्या रंगाला होता! परिणामी चांदमारी उरली ती लष्कराची आणि गोऱ्यांच्या हौशी पलटणींची. येथील नागपूर व्हॉलंटियर रायफल्स ही त्यांपैकीच एक. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासूनच या कायद्याविरुद्ध तक्रार मांडली. अहिंसेचे उपासक गांधीजी, पण साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणे हे इंग्रजी राज्याचे सर्वांत काळे कृत्य होय, असे त्यांनीही १९१८ साली लिहिले. पहिल्या महायुद्धानंतर वर्णावरची सूट नियमांतून निघाली. परवाना मात्र साहेबाच्या मर्जीवरच राहिला.

या मर्जीला उघड आव्हान दिले ते आपल्याच शहराने. १९२७ साली मंचरशा आवारी यांनी नागपुरात हत्यारांच्या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला. तलवारी घेऊन मिरवणुका निघाल्या. बंगालमधील स्थानबद्धांची सुटका व्हावी ही त्यामागची एक मोठी मागणी होती. आवारींना तुरुंगवास घडला आणि लोकांनी त्यांना जनरल ही पदवी देऊन टाकली. सत्याग्रह आणि तलवार यांचा मेळ बसत नाही असे म्हणून गांधीजींनी या लढ्याला संमती दिली नाही. तात्त्विक दृष्टीने गांधीजी बरोबर असतील. पण ज्या कायद्याने मिरवणुकीतली तलवारही राजद्रोहासारखी धोक्याची मानली, त्याचे हसू त्या दिवसांत नागपूरच्या रस्त्यावर झाले, हेही खरे.

कराचीच्या १९३१ च्या ठरावात काँग्रेसने नियमांच्या मर्यादेत हत्यार बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. घटना होऊ लागली तेव्हा, डिसेंबर १९४८ मध्ये, मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी त्याचीच आठवण देऊन दुरुस्ती सुचविली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती नामंजूर झाली. मला वाटते, डॉक्टरांनी केले तेच योग्य. ज्या देशात गावकुसाबाहेरच्या माणसाला साधी काठी धरू देत नसत, तेथे बंदुकीचा हक्क प्रथम कोणाच्या हाती पडला असता, हे सांगायला पंडित नको.

मग खेळाचे काय? १९५१ साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन स्थापन झाली. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष. आणि १९५९ साली नवा हत्यार कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. त्याचे तेरावे कलम वाचण्यासारखे आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी पॉइंट बावीसची रायफल हवी असेल, तर अधिकारी परवाना ‘देईल’ असे मूळ कायद्यात म्हटले होते. ‘देऊ शकेल’ असे नव्हे. कारखान्याच्या करारात या दोन क्रियापदांसाठी आम्ही रात्री जागविल्या आहेत. एकात हक्क असतो, दुसऱ्यात मेहेरबानी. चौदाव्या कलमात नकाराची कारणे दिली आहेत, आणि तेथेच आणखी एक वाक्य आहे: केवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून परवाना नाकारता येणार नाही. नकार द्यायचा तर कारण लिहून ठेवावे लागते, अर्जदाराने मागितल्यास ते सहसा द्यावेही लागते, आणि वर अठराव्या कलमाखाली अपील आहे.

आता तो अर्ज. सूतगिरणीत उमेद घालविलेल्या एका गृहस्थांचा मुलगा माझ्याकडे आला. क्लबचे सभासदत्व होते, नेम चांगला होता. कचेरीत त्याला तोंडी सांगितले गेले की, घराचा उतारा आणा, मग बघू. घर भाड्याचे, उतारा आणायचा कोठून? आम्ही दोघांनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला, चौदावे कलम उद्धृत केले आणि नकार असल्यास लेखी कारण मागितले. उताऱ्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. परवाना यायला पुष्कळ महिने लागले, तो भाग निराळा.

येथवर कायदा नेमबाजाच्या पाठीशी आहे. १९८३ साली किमान वय सोळावरून एकवीस झाले, तरी प्रशिक्षणार्थी मुलांची वाट मोकळी ठेवली गेली. २०१९ च्या दुरुस्तीने नागरिकाला बाळगता येणारी हत्यारे तिनावरून दोनावर आणली. खेळाडूंची सवलत तेव्हाही टिकली. पण मैदान? मैदानाला परवाना आहे, पाठीशी कोणी नाही. लष्कराच्या गोळीबाराच्या सरावासाठी १९३८ पासून स्वतंत्र कायदा आहे: क्षेत्र जाहीर करावे, लोकांना दूर ठेवावे, नुकसानभरपाई द्यावी. क्लबच्या चांदमारीला असे काही नाही. शेजारी वस्ती आली, आवाजाची तक्रार झाली, की आधी कोण आले याला फारशी किंमत उरत नाही.

हा पेच जुना आहे. इंग्लंडच्या रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा १८६० साली विम्बल्डनच्या माळावर झाली. पहिली गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणीने झाडली. लंडन वाढत गेले, घरे जवळ आली, आणि १८९० साली राणीच्या असोसिएशनलाही बिस्लीस बिऱ्हाड हलवावे लागले. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी उलटा मार्ग धरला: जुन्या मैदानाशेजारी मागाहून राहायला आलेल्याने आवाजाबद्दल दावा लावू नये, असे कायदे केले. मला तो मार्गही सबंध पटत नाही. शेजाऱ्याच्या पोराच्या झोपेलाही काही हक्क आहे. पण मागची भिंत किती उंच, सरावाच्या वेळा कोणत्या, भोवती मोकळी जागा किती, हे नगररचनेच्या आराखड्यातच ठरले, तर दोघांचेही भागेल. शाळेला, स्मशानाला आपण जागा राखून ठेवतोच की!

तोवर खेळ खोलीत शिरला आहे. २०१६ च्या नियमांनी वीस ज्यूलपर्यंतच्या जोराच्या आणि पॉइंट एकशे सत्त्याहत्तरपर्यंतच्या व्यासाच्या हवाई बंदुकीला परवान्यातून मोकळे केले, म्हणून १० मीटरचे क्लब लांबट खोल्यांतून चालू शकतात. २५ आणि ५० मीटरला मात्र जमीन लागते, आणि ती बहुधा सरकारची, पोलिसांची किंवा लष्कराचीच असते. पुण्याचे बालेवाडीचे मैदान १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारने बांधले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला त्याने कांस्यपदक मिळविले तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याचा प्रकार ५० मीटरचा.