पाळण्यातले नाव

गेल्या चैत्रात माझ्या चुलतभावाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसे करायचे ठरले आणि घरात दोन तट पडले. वहिनीने मोबाईलवरून चाळीस नावे उतरून काढली होती. वीस वर्षे हजेरीपट वाचण्याचा सराव असूनही त्यांतली निम्मी मला एका दमात उच्चारता येईनात. काकू कोपऱ्यातून एवढेच म्हणाल्या, "यांचे नाव ठेवा." काका जाऊन तेव्हा वर्ष होत आले होते.

"भावोजी, तुमच्या इतिहासात काय करीत असत हो?" वहिनीने मला मधे ओढले. तिला जे सांगितले तेच येथे सांगतो.

मालोजी भोसल्यांना बरीच वर्षे मूल नव्हते. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि दोन मुलगे झाले. तेव्हा पिराच्या एकाच नावाचे दोन भाग करून थोरल्याला शहाजी व धाकट्याला शरीफजी म्हटले, असे बखरी सांगतात. नवसच फेडायचा, मग पीर की देव हे कोण विचारतो! पुढे १६३० साली शिवनेरीवर शहाजीराजांना मुलगा झाला, त्याला गडावरच्या शिवाई देवीचे नाव मिळाले.

शिवछत्रपती १६८० साली गेले. दोनच वर्षांनी संभाजीराजांना मुलगा झाला. त्याचे नाव शिवाजी. हाच पुढचा शाहू. सात वर्षांचा असताना तो मोगलांच्या कैदेत पडला, आणि बादशहाने त्याला 'साव' म्हटले त्याचे शाहू झाले, अशी आख्यायिका आहे. इकडे राजाराममहाराज १७०० साली वारले, तेव्हा ताराबाईंनी आपल्या ज्या मुलाला गादीवर बसवले त्याचेही नाव शिवाजीच! १७०७ साली शाहू सुटून आला आणि खेडला दोन्ही पक्षांची लढाई झाली. आजोबा एक, नाव एक, आणि गादीही एकच. त्या नावात माया होती तसा हक्कही होता.

पेशव्यांच्या घरची गोष्ट अधिक घरगुती आहे. थोरल्या बाजीरावांचे खरे नाव विसाजी, म्हणजे आजोबांचे विश्वनाथ हेच नाव. बाळाजी विश्वनाथ १७२० साली वारले. त्यानंतर बाजीरावांना मुलगा झाला तो पुन्हा बाळाजी. आता काशीबाईंची पंचाईत पाहा. सासऱ्याचे नाव सुनेने घ्यायचे नाही, आणि पाळण्यात तर तेच नाव! पोर रडू लागले तर हाक काय मारायची? तेव्हा तो नाना झाला, आणि जगाला नानासाहेब म्हणूनच ठाऊक झाला. आपल्या इतिहासात नाना, दादा, आप्पा यांची जी एवढी गर्दी आहे, तिचे निम्मे कारण मला तरी सुनांच्या या अडचणीतच दिसते.

पण सर्वांत जड नाव ठेवले गेले ते पुरंदरावर. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. गंगाबाई गरोदर होत्या. कारभाऱ्यांनी त्यांना पुरंदरावर ठेवले, आणि मुलगा होतो की मुलगी याकडे सारी दौलत डोळे लावून बसली. १८ एप्रिल १७७४ रोजी मुलगा झाला. आजोबांचे नाव बाळाजी. पण ठेवले ते थोरल्या चुलत्याचे, माधवराव. तो कर्ता पेशवा सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारला, त्याला दोन वर्षेही झाली नव्हती. लोकांना तोच परत हवा होता, असे मला वाटते. एवढ्यानेही मन भरले नाही म्हणून पुढे 'सवाई' लागले. सवाई म्हणजे सव्वापट! चाळीस दिवसांच्या त्या जिवाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. एकविसाव्या वर्षी, १७९५ च्या ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात वरून पडून तो गेला.

वहिनी ऐकत होती. "म्हणूनच मला नको," ती हळूच म्हणाली. "त्याचे त्याला नाव असू दे."

काकू उठल्या, बाळाला मांडीवर घेतले. चाळीस वर्षांच्या संसारात काकांचे नाव त्यांच्या तोंडून उखाण्याखेरीज कुणी ऐकले नव्हते. मी विचारले, "काकू, तेच नाव ठेवले तर तुम्ही याला हाक कशी मारणार?"

"मी कशाला मारीन?" त्या म्हणाल्या. "तुम्ही मारा. मला ऐकायचे आहे."

बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात दोन नावे सांगितली. आधी कोणते सांगितले, ते ती अजून कुणाला सांगत नाही.