पैज आणि जुगार : एका घरातील शब्दभेद

'पैज' हा शब्द संस्कृत 'प्रतिज्ञा'पासून प्राकृतमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ वचन असा होय. मुंबईतील महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान १८८३ सालचे. तेथील शर्यतींचा परिचय असलेल्या घरात प्रस्तुत लेखक वाढला. 'विन' आणि 'प्लेस' हे शब्द त्यास बाराखडीबरोबरच अवगत झाले. एकाच व्यवहारास वडील 'पैज' म्हणत, आई 'जुगार' म्हणे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. कायद्याने वडिलांचा शब्द मान्य केला. परंतु घरखर्चाची रक्कम शर्यतीत गेली, की 'पैजे'तील मूळ वचन भंग पावे आणि आईचाच शब्द यथार्थ ठरे. कुटुंबाचा इतिहास लिहिताना असे शब्दभेद साधन म्हणून नोंदले पाहिजेत. न्यायनिवाड्यांत ते आढळत नाहीत.