टंचाईचे तीन थर : ‘फॉलआउट’मधील भंगारवेचणी

अणुयुद्धाने बेचिराख झालेल्या जगावर बेतलेल्या ‘फॉलआउट’ या रोल-प्लेइंग गेममालिकेत खेळाडूचा बराच वेळ कपाटे उघडण्यात, टेबलांचे खण धुंडाळण्यात आणि मेलेल्यांचे खिसे चाचपण्यात जातो. या वेचणीत वस्तूचे मोल ठरते ते खेळाच्या नियमांनी मुद्दाम घडवलेल्या टंचाईमुळे. टंचाईची जागा बदलली की मोलाची उतरंडही बदलते. मालिकेत अशा तीन जागा दिसतात.

१. पाठीवरची टंचाई : 1997 च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्ये पात्र किती ओझे उचलेल, हे त्याच्या ‘स्ट्रेंग्थ’वर ठरते : 25 पौंड, अधिक स्ट्रेंग्थच्या प्रत्येक अंकामागे आणखी 25. ‘फॉलआउट 3’मध्ये (2008) हे सूत्र 150 अधिक स्ट्रेंग्थच्या दहापट असे झाले. मर्यादा ओलांडली की पात्राला धावता येत नाही. चलन म्हणून चालणाऱ्या बाटल्यांच्या बुचांना मात्र वजन नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूची किंमत तिच्या वजनाशी ताडून पाहावी लागते. बंदूक उचलली जाते, पत्र्याचे डबे आणि ताटल्या जागच्या जागी राहतात. ‘न्यू वेगास’च्या (2010) हार्डकोअर प्रकारात गोळ्यांनाही वजन आले आणि जुने सगळे हिशेब नव्याने मांडावे लागले.

२. घटकांची टंचाई : ‘फॉलआउट 4’ने (2015) भंगाराला सुट्या घटकांचे रूप दिले. टेबलफॅन मोडला की स्क्रू, गिअर आणि पोलाद मिळते. बंदुकांच्या बहुतेक सुधारणांना चिकटद्रव्य लागते, म्हणून गोंदाची बाटली भारी शस्त्रापेक्षा मोलाची ठरते आणि ओसाड कचेरी शस्त्रागाराइतकीच लाभदायक होते. पण याच खेळात मका, टाटो व मटफ्रूट ही खेळातली काल्पनिक पिके आणि शुद्ध पाणी यांपासून स्टार्च करता येतो आणि त्यातून चिकटद्रव्य मिळते. शेत उभे राहिले की गोंदाची बाटली पुन्हा सामान्य होते. या व्यवस्थेची किंमतही आहे. रचनाकारांनी अवशेषांत गमतीदार पवित्र्यांत बसवलेली टेडी बेअर खेळाडूला कच्चा माल वाटू लागतात. मागे राहिलेली कथा वाचण्याआधीच तो ती खेळणी उचलतो.

३. कोठारातली टंचाई : ऑनलाइन ‘फॉलआउट 76’मध्ये (2018) मर्यादा कोठारापर्यंत पोहोचली. सुरुवातीला तिथे 400 वजन मावत होते, डिसेंबर 2018 मध्ये 600 झाले. ही मर्यादा तांत्रिक कारणांसाठी असल्याचे खेळाची कंपनी बेथेस्डाने सांगितले होते. ऑक्टोबर 2019 मध्ये ‘फॉलआउट फर्स्ट’ ही सशुल्क वर्गणी आली आणि वर्गणीदारांना घटकांसाठी अमर्याद पेटी मिळाली.

बॉबलहेडसारख्या (डोलत्या डोक्याच्या बाहुल्या) वस्तू निव्वळ हौसेने जमवल्या जातात, मग टंचाईच मोल ठरवते हा नियम त्यांना कसा लागू पडावा, असा आक्षेप येऊ शकतो. पण ‘फॉलआउट 3’ आणि ‘4’मध्ये स्ट्रेंग्थचे बॉबलहेड स्ट्रेंग्थ एकाने वाढवते, म्हणजे वहनक्षमता दहाने. हौसेची वस्तूही टंचाईच्या हिशेबात शिरते.

पहिल्या दोन थरांत टंचाईवरचा उपाय खेळाच्या आतच आहे : काय टाकायचे ते ठरवा, शेत लावा, ताकद वाढवा. तिसऱ्या थरात तो खेळाबाहेरही, पैशांत मिळतो. वर्गणी भरणाऱ्याला घटकांपुरते काय ठेवावे नि काय टाकावे हे ठरवावे लागत नाही. न भरणाऱ्याला मात्र भरलेले कोठार ही खेळातली अडचण न वाटता विक्रेत्याने घातलेली अडवणूक वाटू लागते.