नाशिकची नगररचना आणि आपण

गोदावरीच्या उजव्या तीरावर टेकाडांवर वसलेले जुने नाशिक व डाव्या तीरावरील पंचवटी ही गावठाणे नकाशा आखून वसविलेली नव्हेत. घाट, देवालये व बाजारपेठ यांच्या सोयीने गल्ल्या पडत गेल्या. तथापि आमचे पूर्वज बेसावध होते असे मात्र नव्हे. नारोशंकराच्या मंदिराची घंटा व पुढील काळात दुतोंड्या मारुती ही त्यांची पूर मापण्याची साधनेच होती.

१८६४ साली नगरपालिका स्थापन झाली. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. १९५४ च्या कायद्याने विकास आराखडा करणे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले, व १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा आजही लागू आहे. सातपूरची कारखानदारी व सिडकोचे नवीन नाशिक यांमुळे शहर विस्तारले आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. तिचा पहिला आराखडा १९९३ साली व सुधारित आराखडा २०१७ साली मंजूर झाला.

आराखडा म्हणजे केवळ कागद नव्हे, हे दोन प्रसंगांनी शिकविले. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीस अरुंद वाटेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुराने नदीकाठची पेठ बुडविली, आणि त्यानंतर पूररेषा आखण्यात आल्या. सामान्यतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा होय.

निळ्या रेषेच्या आत वडिलोपार्जित वाडा असलेल्या कुटुंबांची अडचण आम्ही जाणतो. भिंती खचतात, भाऊहिस्से वाढतात, आणि पुन्हा बांधावे तर अटी आड येतात. तरीही रेषाच पुसावी असे आम्ही म्हणणार नाही. नदी कोणाचा सातबारा वाचून वाट बदलत नाही. मागणी करावयाची ती सुरक्षित पुनर्बांधणीची व योग्य मोबदल्याची.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच हरकती व सूचना मागविल्या जातात, परंतु मुदत टळल्यावरच आपणांस जाग येते. ज्ञातीतील अभियंते व वकील यांनी एकत्र येऊन असा नकाशा वृद्धांस व विधवा भगिनींस समजावून द्यावा आणि त्यांचे अर्ज वेळेत लिहून द्यावेत. ज्ञातिसेवेचा याहून उपयुक्त मार्ग आम्हांस तरी दिसत नाही.