सेवाग्रामचे टपाल व सरकारची नजर

सेवाग्रामच्या आश्रमात येणाऱ्या यात्रेकरूला गांधीजींची कुटी, त्यांचा चरखा, साप धरून ठेवावयाची पेटी या वस्तूंबरोबरच दूरध्वनीचे जुने साधनही दाखविण्यात येते. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्याशी गांधीजींचे तातडीने बोलणे व्हावे म्हणून सरकारने ही सोय करून दिली होती. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि त्यांत साम्राज्याच्या राजधानीशी जोडणारी तार! पाहणाऱ्यास मोठे कौतुक वाटते. परंतु ज्या सरकारने ही तार आणून दिली, त्याच सरकारला तारेवरचा मजकूर अडविण्याचा व पाहण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने दिलेला होता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आजचे माझे बोलणे तिच्याविषयीच आहे.

तारेची जी स्थिती, तीच टपालाची. १८९८ च्या टपाल कायद्याच्या सव्विसाव्या कलमान्वये सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी जरूर असेल, तेव्हा कोणाचेही पत्र अडवून ठेवण्याची मुभा सरकारला होती. आता, आणीबाणी आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी? कायद्याचे उत्तर असे की, सरकारने तसा दाखला दिला म्हणजे तोच निर्णायक पुरावा! फिर्यादीनेच स्वतःला साक्षीदार व न्यायाधीश नेमावे, असा हा प्रकार होता.

इंग्रजांना या गोष्टीचे वावडे नव्हते असे मात्र नाही. १८४४ साली लंडनमध्ये राहणाऱ्या जोसेफ मॅझिनीला आपली पत्रे कोणी तरी फोडते असा संशय आला. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, केस अशा वस्तू घालून पाठविल्या. पत्रे पोहोचली, पण आतल्या वस्तू गळाल्या होत्या. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांच्या आज्ञेने हे चालले होते असे उघडकीस आले तेव्हा पार्लमेंटात गहजब झाला, चौकशी समिती बसली, कार्लाइलसारख्या पंडिताने वृत्तपत्रात लिहून संताप व्यक्त केला. याच मॅझिनीच्या चरित्राचा सावरकरांनी केलेला मराठी अवतार १९०७ साली निघाला आणि तो सरकारने जप्त केला. स्वदेशी जे लाजिरवाणे ठरले, तेच हिंदुस्थानात या गहजबानंतर चोपन्न वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात मानाने बसले.

खाजगी कागद परक्याच्या हाती पडला म्हणजे त्याचे काय होते, हे महाराष्ट्राने १९०८ साली पाहिले. लोकमान्यांच्या घराची झडती झाली, त्या वेळी स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे टिपलेले एक कार्ड पोलिसांच्या हाती लागले. स्फोटकांविषयीच्या नव्या कायद्यावर लिहावयाचे असल्यामुळे ती नावे टिपली, हा टिळकांचा खुलासा. पण ते कार्ड खटल्यात पुढे करण्यात आलेच. कागद बोलतो तेवढेच बोलतो. तो कोणत्या हेतूने लिहिला हे त्याच्यावर लिहिलेले नसते.

पुन्हा आमच्या जिल्ह्याकडे वळू. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सुमारे पाच मैलांवरील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील श्रीगजाननमहाराजांचे शेगाव तर सर्वांस परिचित. त्यामुळे गांधीजींचे टपाल भलतीकडे जाऊ लागले आणि या घोटाळ्यापायी १९४० साली खेड्याचे नाव सेवाग्राम झाले. टपालखात्याच्या सोयीसाठी गावाने नाव बदलल्याची उदाहरणे फार नसतील!

१९४२ च्या एप्रिलअखेर अलाहाबादेस काँग्रेसच्या कार्यकारिणीची बैठक भरली. गांधीजी स्वतः गेले नाहीत. त्यांनी ठरावाचा मसुदा लिहून मीराबेनबरोबर पाठविला. जपानचे वैर हिंदुस्थानाशी नसून ब्रिटिश साम्राज्याशी आहे आणि हिंदुस्थान स्वतंत्र झाला तर बहुधा प्रथम जपानशी वाटाघाटी करील, अशा आशयाचा भाग त्यात होता. नेहरूंनी त्यास हरकत घेतली. चार भिंतींच्या आत मोठा वादविवाद झाला आणि अखेर मंजूर झालेल्या ठरावात तो भाग राहिला नाही. विचारी माणसे एकत्र बसली म्हणजे असेच होते: कोणी एक म्हणतो, दुसरा खोडतो, तिसरा शब्द सुचवितो.

२६ मे रोजी पोलिसांनी अलाहाबादच्या काँग्रेस कचेरीवर छापा घातला आणि मसुदा व चर्चेची टिपणे उचलून नेली. ती लागलीच प्रसिद्ध झाली नाहीत. सरकारने ती जपून ठेवली आणि ४ ऑगस्ट रोजी, म्हणजे मुंबईच्या ऐतिहासिक अधिवेशनाच्या ऐन तोंडावर, जगापुढे मांडली. गांधी व काँग्रेस जपानधार्जिणे आहेत असा इंग्लंड-अमेरिकेतील वाचकांचा ग्रह व्हावा, हाच हेतू. ही टिपणे अपुरी आहेत, बोलणारांनी ती तपासलेली नाहीत, असे नेहरूंनी परोपरीने सांगितले; परंतु कागद छापला गेला होता. टाकून दिलेले वाक्य मंजूर ठरावापेक्षा मोठे झाले. ९ ऑगस्टला पुढारी तुरुंगात गेले आणि खुलासा करावयास बाहेर कोणी उरले नाही.

याच उन्हाळ्यातील दुसरी गोष्ट याच्याशेजारी ठेवून पाहावी. १४ जुलैला वर्ध्याच्या बैठकीत ब्रिटिशांनी निघून जावे असा ठराव झाला. तो गुप्त तर नव्हताच, उलट त्याचा अर्थ समजावून सांगण्यासाठी गांधीजींनी मीराबेनना दिल्लीस व्हाइसरॉयकडे पाठविले. व्हाइसरॉयने भेट नाकारली. त्याचे खाजगी चिटणीस लेथवेट यांच्याशीच काय ते बोलणे झाले. जे दार उघडून सांगावयास आले होते, त्यांचे सरकारला ऐकावयाचे नव्हते. जे कपाट फोडून मिळाले होते, ते मात्र त्याने जपून ठेवले होते.

हल्ली सुशिक्षित घरांतूनही एक वाक्य वारंवार ऐकू येते: “आपल्याजवळ लपविण्यासारखे काय आहे? पाहिनात का आमचा मोबाईल!” कोणी तर गांधीजींचाच दाखला देतात. गांधीजींना गुप्तता नावडत असे, हे खरे. १९३० साली मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कळविले. १९४४ साली सुटून आल्यावर भूमिगत कार्यकर्त्यांना प्रकट व्हावयास सांगितले. परंतु हा त्यांचा स्वतःचा नेम होता. उपास करणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याच्या ताटातील भाकरी उचलता येत नाही. शाळेत मुलाने शेजाऱ्याची चिठ्ठी वाचली तर आम्ही त्याला बाकावर उभे करीत असू. चिठ्ठीत लपविण्यासारखे काही होते की नाही, हा प्रश्नच नसे.

राज्यकर्ते बदलले, तरी कलमे राहिली. १९८६ साली टपाल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक संसदेने मंजूर केले. पत्रे अडविण्याच्या अधिकाराविषयीच्या त्या विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. पुढे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ते फेरविचारासाठी परत धाडले आणि अखेर ते मागे घेतले गेले. झैलसिंगांविषयी कोणी काहीही म्हणो, या एका गोष्टीसाठी मी त्यांचे नाव आदराने घेतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली तार व टपाल या दोन्हींचे जुने कायदे जाऊन नवे झाले. त्यांतही संदेश व टपाल अडविण्याचा अधिकार कायम आहे.

असा अधिकार सरकारला मुळीच नसावा, असे मी म्हणत नाही. घातपात करणाऱ्याचा माग काढावाच लागतो. माझा प्रश्न परवानगीचा आहे. १९९६ साली दूरध्वनीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला काही बंधने घातली. पण आधी न्यायाधीशाची संमती घ्यावी अशी जी मागणी होती, ती कायद्यात तरतूद नसल्याने मान्य केली नाही. मॅझिनीची पत्रे फोडणाऱ्या इंग्लंडात २०१६ च्या कायद्यापासून मंत्र्याच्या आज्ञेवर न्यायिक आयुक्ताचेही शिक्कामोर्तब लागते. आपल्याकडे सर्वसाधारणपणे आज्ञा देतो गृहसचिव, आणि ती योग्य होती की नाही हे मागाहून तपासते सचिवांचीच समिती.